पाणमांजराच्या बापाचा खटला

आमच्या घरात सिनेमा संपला की त्यातल्या आईबापांवर खटला चालतो. सिनेमे कार्टूनचे, सगळ्या कुटुंबाने मिळून बघायचे, पण म्हणून सुटका कोणाची नाही. आरोप ठेवते मी. कपड्यांच्या कारखान्यात मी चेकर आहे, शर्ट उलटा करून शिवण बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो आणि तो माझ्याहून खवट. "दार आतून उघडत होतं, मग ते अस्वल वर्षभर आत काय माश्या मारत बसलं होतं?" असलं काहीतरी तो हमखास काढतो. निकाल देते आमची सातवीतली लेक. घरात तिला जजसाहेब म्हणतात.

त्या रविवारी सिनेमा होता पाणमांजरांचा. बाप आपल्या पिल्लाला नदीच्या वरच्या अंगाला आत्याकडे पाठवून देतो आणि कारण काही सांगत नाही. पिल्लू रडून रडून अर्धं होतं, बापाचं नाव टाकतं. शेवटी कळतं की खाली पूर येणार होता. मग गळ्यात गळे, एक गाणं आणि संपलं.

"या बापाला सोडायचं नाही," जेवताना मी सुरुवात केली. "'बाळा, पूर येतोय,' एवढं बोलायला काय जीभ झडली होती? आत्याला माहीत, बगळ्याला माहीत, त्या मेल्या कासवाला पण माहीत! फक्त घरच्या माणसाला नाही."

आता नवरा माझ्यावर कडी करणार म्हणून मी त्याच्याकडे बघितलं. तो मान खाली घालून घास चिवडत होता.

"त्याचंही काही कारण असेल," तो म्हणाला. "सगळंच लगेच सांगता येतं असं नाही."

माझा हात तोंडापाशीच थांबला. हा माणूस, ज्याने मागच्या महिन्यात एका म्हाताऱ्या हत्तिणीला माफी दिली नव्हती, तो आज बापाची बाजू घेतोय?

"कधीपासून वकिली करायला लागलात?"

"अगं, सिनेमा आहे तो."

"सिनेमा आहे ते मला दिसतंय. तुमचे कान का लाल झालेत ते सांगा."

"तिखट लागलं," तो म्हणाला. जजसाहेबांनी निकाल राखून ठेवला आणि पाणी प्यायला घेतलं.

कुठेतरी पाणी मुरत होतं. हा सिनेमा सुचवला कोणी? माझ्या नणंदेने. ती दुसऱ्या शहरात नर्स आहे, एकटीच राहते. पूर्वी तिचा फोन आला की नवरा स्पीकर लावून भांडी विसळायचा. हल्ली बाल्कनीत जातो आणि दार ओढून घेतो. माझ्या मनात नाही नाही ते आलं. नोकरी गेली? काही आजार निघाला? दुसरी कोणी आहे? पण दुसरी कोणी म्हणावं, तर या माणसाला स्वतःचे मोजे सापडत नाहीत.

तो ताट घेऊन उठला, तशी मी त्याच्यामागे स्वयंपाकघरात गेले.

"सांगताय, की ताईंना फोन लावू?"

"मी शब्द दिलाय."

"कोणाला?"

तो माझ्या खांद्यावरून मागे बघत राहिला. मी वळले. लेक दारात उभी होती.

"मला," ती म्हणाली. "बाबाला ओरडू नकोस. आईला सांगू नको असं मीच म्हटलं होतं. मला पुढच्या वर्षी आत्याकडे राहायचंय. तिथल्या शाळेत."

"का? शाळेत काय झालं? कोणी त्रास दिला? त्या पुढच्या बाकावरच्या मुलीशी काही..."

"बघ," ती म्हणाली.

"काय बघ?"

"काही झालेलं नाही, आई. कधीच काही झालेलं नसतं. मी उशिरा आले तर नुसती उशिरा आलेली असते. गप्प बसले तर नुसती गप्प बसलेली असते. तू माझं दप्तर हुंगतेस." तिचा आवाज चिरकला. "सुट्टीत गेले होते तेव्हा आत्या म्हणायची, आलीस? जेव. बस. मग मीच तिला सगळं सांगायचे."

नवऱ्याचा राग आला, नणंदेचा त्याहून आला, आणि सगळ्यात जास्त मला रडू आलं. सगळं म्हणजे काय सांगायची ही तिला? प्रश्न अगदी जिभेवर आला होता. मी तो गिळला, आणि खोटं नाही सांगत, घसा दुखला. नवऱ्याने उगाचच नळ सोडला आणि धुतलेली वाटी पुन्हा धुवायला घेतली.

"बरं," मी म्हणाले. "जा."

वाटलं, आता येऊन बिलगेल. ती जागची हलली नाही. मान तिरकी करून, डोळे बारीक करून ती माझ्याकडे बघत राहिली.

"एवढ्यात हो म्हणालीस?" ती म्हणाली. "का? तुझ्या मनात काय चाललंय? खरं सांग, आई."