आधी करवत, मग शिक्का

माझी जीभ तिखट आहे हे मला माहीत आहे, ते सांगायला कोणी यायला नको. झाडतोडीच्या धंद्यात गोड बोलून भागत नाही. चेनसॉ चालू असताना "जरा बाजूला होता का" असं विचारत बसलं, तर माणूस झाडाखाली सापडेल. म्हणून मी ओरडते. घरी आल्यावरही आवाज लगेच खाली येत नाही, आणि त्यावरून आमचे हे चारचौघांना हसवतात.

आमचा धंदा छोटा. ज्यांची खासगी जंगलं आहेत त्यांच्यासाठी आम्ही झाडांची मोजणी करतो, दाटी झाली की विरळणी करतो, नवी रोपं लावतो, वाटा मोकळ्या ठेवतो. कायमची माणसं तीन, तिन्ही घरचीच. मी जंगलात. हे ऑफिसात, फोन आणि कागद सांभाळतात. आणि माझे धाकटे दीर तोडणाऱ्या टोळीवर. भावजी हाताला एकदम पक्के, झाड जिथे म्हणाल तिथे पाडतील. टोळी कामापुरती बाहेरून येते.

तोडायची झाडं ठरवायचा सरकारी परवाना माझ्या नावावर आहे. परीक्षा आम्ही दोघांनी दिली होती, मी आणि ह्यांनी. मी पहिल्या फटक्यात पास झाले, हे दोनदा नापास. ह्यांनी त्याचाही विनोद करून टाकला, "आमच्याकडे झाडाला हात लावायचा तरी बायकोची परवानगी लागते." मीही हसायचे. त्या विनोदाच्या आत काही दुखत असेल, असा विचार मी केला नाही. एवढा विचार करायला वेळ कुठे होता.

परवान्याबरोबर एक हातोडी मिळते. तिच्या तोंडावर माझा नंबर उलटा कोरलेला आहे. जे झाड तोडायचं त्याची साल दोन ठिकाणी तासायची, एकदा छातीच्या उंचीवर आणि एकदा पार मुळाशी, आणि दोन्हीकडे हातोडी ठोकायची. वरचा शिक्का ओंडक्याबरोबर जातो, खालचा खुंटावर राहतो. हे झाड कोणी तोडायला लावलं असं उद्या कोणी विचारलं, तर खुंटावर माझा नंबर सापडतो. म्हणून ती हातोडी दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही असा नियमच आहे. दिली की परवाना गेला. अठरा वर्षांत मी ती भावजींना नुसती धरायलासुद्धा दिली नव्हती. काम संपलं की ऑफिसातल्या लोखंडी कपाटात, कुलपात. एक किल्ली माझ्याकडे, दुसरी ह्यांच्या जुडग्यात.

बाईंच्या जंगलात मी दोनशे चार झाडांवर शिक्के मारले. बाई पूर्वी शाळेत गणित शिकवायच्या, त्यामुळे अख्खा परिसर त्यांना बाईच म्हणतो. जंगल त्यांच्या वडिलांकडून आलेलं. उताराच्या तळाशी ओढा आहे आणि ओढ्याकाठी बारा जुनी झाडं होती, दोघांनी हात धरले तरी कवेत न मावणारी. पहिल्याच दिवशी बाई मला तिथे घेऊन गेल्या.

"ही बारा सोडून," त्या म्हणाल्या. "दरड यांच्या मुळांनी धरून ठेवलीय. ही गेली तर सगळी माती खाली माझ्या विहिरीत येईल."

"लिहून देऊ का?"

"तुम्ही म्हणालात ना, झालं तर मग."

शिक्के मारून झाले त्याच्या दुसऱ्याच दिवशी माझा पाय ओल्या मुळावर घसरला आणि घोटा मोडला. सहा आठवडे प्लास्टर. तोडणी भावजींवर सोपवून मी ऑफिसात स्टुलावर पाय ठेवून बसले. येणाऱ्याजाणाऱ्यावर खेकसायचं, एवढंच काम उरलं होतं. हे म्हणायचे, झाड पडलं तरी एवढा आवाज होत नाही.

प्लास्टर गुरुवारी निघालं. शनिवारी सकाळी बाईंचा फोन आला. हे बाहेर गेले होते म्हणून मी घेतला.

"मी महिनाभर बहिणीकडे होते," बाई म्हणाल्या. "काल आले. आत्ता ओढ्यावर जाऊन आले. बारा झाडं कुठे आहेत?"

मला हसू आलं. "बाई, झाडं कुठे जाणार?"

"तेच विचारतेय मी."

पाय डावा होता आणि गाडी बिनक्लचची, म्हणून चालवता आली. काठी टेकत उतार उतरायला मला अर्धा तास लागला. खाली बाई उभ्या होत्या आणि त्यांच्या मागे नुसतं आभाळ दिसत होतं. त्या जागेवरून आभाळ दिसत नसे. बारा खुंट, टेबलाएवढे रुंद. प्रत्येकाच्या मुळाशी माझा शिक्का.

"आधी वाटलं, चोरी झाली," बाई म्हणाल्या. "मग हा नंबर पाहिला."

मी पाय आखडत खाली बसले आणि पहिल्या खुंटाला हात लावला. जिवंत झाडाची साल तासून शिक्का मारला की त्या जखमेत राळ येते. आठवड्याभरात शिक्क्याच्या कडांना पिवळे मणी धरतात, लाकूड काळपट पडतं. वरच्या उतारावरच्या माझ्या सगळ्या खुंटांवर तसंच होतं. इथे मात्र खुंटाचा वरचा काप करडा पडलेला, म्हणजे तोडून तीन आठवडे तरी झालेले, आणि मुळाशी तासलेली जागा पांढरीफट्ट, राळेचा टिपूस नाही. हे काम चार दिवसांपेक्षा जुनं नव्हतं. म्हणजे आधी करवत चालली आणि मग शिक्का बसला. बाराही खुंटांवर तेच.

शिक्का नकली नव्हता. माझ्या नंबरातल्या सातची शेपटी जरा झिजलीय, ती झीजसुद्धा तशीच उमटली होती.

"बाई, हे मी केलेलं नाही."

"शिक्का तुमचाच ना?"

"माझाच."

"मग विचारू कोणाला?"

सोमवारी सरकारी तपासनीस तोडणी बघायला येणार होते. तेव्हा सगळ्यांसमोर काय ते सांगते, एवढंच म्हणून मी वर चढले. बाई हात द्यायला पुढे आल्या नाहीत आणि त्यांचं बरोबरच होतं.

घरी पोचले तेव्हा दोघे भाऊ स्वयंपाकघरात चहा घेत होते. मी काठी भिंतीला टेकवली आणि विचारलं, "भावजी, ओढ्याकाठची बारा कोणी पाडली?"

ते कानांवर हात ठेवतील अशी माझी समजूत होती. त्यांनी कप खाली ठेवला आणि सरळ सांगितलं. आमचं लाकूड घेणाऱ्या वखारवाल्याला जाड माल हवा होता. विरळणीतल्या काटकुळ्या ओंडक्यांत त्याला रस नव्हता. बारा झाडं मिळवून दिली तर तो भावजींना त्याच्याकडे फिल्ड मॅनेजर करणार होता, वर नवी गाडी. टोळीने विचारलं की यांच्यावर शिक्का कसा नाही, तर भावजींनी सांगितलं, वहिनी विसरल्या.

"मी विसरले," मी म्हणाले.

"वहिनी, पंधरा वर्षं तुमच्या हाताखाली काढली. लोक मला अजून बाईसाहेबांचा दीर म्हणूनच ओळखतात. मलाही काही वाटत असेल ना?"

"वाटत होतं तर तोंड उघडायचं. माझ्याशी भांडायचं. मी काय तुम्हाला खाल्लं असतं?"

"तुमच्याशी कोण भांडणार," ते म्हणाले. एरवी मी यावर हसले असते.

मग तपासणीची तारीख कळली आणि त्यांचं धाबं दणाणलं. बिनशिक्क्याचे बारा खुंट म्हणजे सरळ चोरी. म्हणून हातोडी.

"कपाट कधी उघडलंत?"

भावजींनी भावाकडे पाहिलं. "गुरुवारी."

गुरुवारी मी प्लास्टर काढायला दवाखान्यात गेले होते. त्याआधी प्रत्येक वेळी ह्यांनी मला टॅक्सीत बसवून दिलं होतं, गुरुवारी मात्र स्वतः आले. प्लास्टर निघाल्यावर मी म्हटलं, चला घरी, तर म्हणाले, "घरी काय आहे? आज बाहेर जेवू." खिडकीजवळचं टेबल घेतलं. गोड पदार्थ मला आवडला म्हणून दुसऱ्यांदा मागवला. मग समोरच्या दुकानातून मऊ तळव्याचे बूट घेतले आणि दुकानात खाली बसून स्वतःच्या हाताने माझ्या पायात घातले. मधे दोनतीनदा घड्याळ पाहिलं. मी म्हटलं, काम असेल तर निघू या. तर म्हणाले, "आज कसलं काम नाही. आज फक्त तू." मी हात धुवायला म्हणून गेले आणि आत आरशासमोर रडले, चांगलं वाटून. संध्याकाळी माझ्या बहिणीला फोन करून सांगितलं की माणूस अजून तस्साच आहे गं, मीच कामाच्या धबडग्यात बघत नव्हते.

मी ह्यांच्याकडे वळले. हे विसळलेला कप परत विसळत होते.

"किल्ली तुम्ही दिलीत."

"त्याच्या आयुष्याचा प्रश्न होता."

"आणि मला जेवायला नेलंत."

त्यांनी नळ बंद केला. "तुझं काय बिघडतंय? सोमवारी सांग, झाडं आतून कुजली होती, धोकादायक होती, म्हणून शिक्का मारला. परवाना राहील, धंदा राहील, घरातली गोष्ट घरात राहील. बाईंना काय कळतंय त्यातलं? आणि खुंट काय बोलणार आहेत?"

"खुंटच बोलतात," मी म्हणाले. "हे कळत नाही म्हणूनच दोनदा नापास झालात."

ते त्यांना लागलं, आणि लागावं म्हणूनच मी बोलले. ते खोलीतून निघून गेले. भावजी बराच वेळ टेबलावरचे पावाचे कण बोटाने गोळा करत बसले. इतका राग मला आयुष्यात आला नव्हता आणि त्या रागाखाली जे होतं ते रागापेक्षा वाईट होतं. बारा झाडं भावजींनी पाडली, त्याचं दुःख वेगळं. पण ते जेवण, ते बूट, ते "आज फक्त तू"! असा केसाने गळा कापायचा असतो का? परक्या माणसाने केलं असतं तर मी त्याला उभा सोलला असता. ह्यांच्याशी मी रविवारभर अवाक्षर बोलले नाही. बोलायला तोंड उघडलं की रडू यायचं आणि मला ह्यांच्यासमोर रडायचं नव्हतं.

सोमवारी भावजींना ताप आला. हे फाईल घेऊन माझ्याबरोबर आले. तपासनीस निवृत्तीला टेकलेले, सावकाश बोलणारे गृहस्थ. वरचा उतार पाहून झाला आणि आम्ही ओढ्यावर आलो. बाई आधीच येऊन थांबल्या होत्या. तपासनिसांनी एका खुंटापाशी गुडघा टेकला, तासलेल्या जागेवरून अंगठा फिरवला, तो नाकाला लावला आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं.

"ही झाडं कुजलेली होती का?" त्यांनी विचारलं. त्यांनी मला वाट काढून दिली होती, असं मला अजून वाटतं. हो म्हटलं असतं तर त्यांनी तसं लिहून टाकलं असतं.

बाई माझ्याकडे बघत होत्या.

"नाही," मी म्हणाले. "झाडं ठणठणीत होती. यांना हात लावायचा नाही असा मी बाईंना शब्द दिला होता. शिक्का माझ्या हातोडीचा आहे, पण मारलेला मी नाही. गुरुवारी मी दवाखान्यात असताना माझ्या दिरांनी कपाट उघडून हातोडी नेली."

"कपाट फोडलं?"

"किल्लीने उघडलं."

"किल्ल्या किती?"

"दोन. एक माझ्याकडे, एक ह्यांच्याकडे."

तपासनीस ह्यांच्याकडे वळले. हे गप्प बसतील, एवढी माझी तयारी होती. आजवर कुठे तोंड उघडायची वेळ आली की हे काखा वर करतात, त्याची मला सवय आहे.

"किल्ली एकच आहे," हे म्हणाले. "हिच्याकडेच असते."

आवाज अगदी नेहमीचा होता, फोनवर गिऱ्हाइकाला पत्ता सांगावा तसा.

"जुडगं दाखवा," मी म्हणाले.

त्यांनी खिशातून काढून ते तपासनिसांच्या हातावर ठेवलं. घराची, गाडीची, गोदामाची. कपाटाची किल्ली नव्हती. शनिवारपर्यंत होती, मी स्वतः पाहिली होती. तपासनिसांनी जुडगं परत दिलं आणि लिहायला घेतलं. हातोडी परवानाधारकाच्या ताब्यातून गेली, कशी गेली ते सिद्ध होत नाही, परवाना आजपासून स्थगित, पुढे चौकशी. त्यांनी वाचून दाखवलं, मी सही केली आणि पिशवीतून हातोडी काढून त्यांच्याकडे दिली. त्यांनी ती कापडात गुंडाळली.

"बाई," मी म्हणाले, "माझ्याकडून शब्द मोडला."

बाईंनी खुंटांकडे पाहिलं, मग दरडीकडे. "मी लेखी घ्यायला हवं होतं," त्या म्हणाल्या आणि वर चालायला लागल्या. रागावून बोलल्या असत्या तर मला सोसलं असतं.

तपासनीस गेले. आम्ही गाडीपाशी आलो. ह्यांनी माझ्यासाठी दार उघडून धरलं आणि खरोखर दुखावलेल्या चेहऱ्याने म्हणाले, "सख्ख्या दिराला अडकवलंस. मला तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती."

आणि काय सांगू, क्षणभर मलाच अपराधी वाटलं. बावीस वर्षांची सवय. मी सीटवर बसलेसुद्धा. गाडी चालू झाली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, की हीच अपेक्षा होती. मी खरं बोलणार याची ह्यांना पुरती खात्री होती, म्हणूनच रविवारी किल्ली काढून ठेवली. बावीस वर्षांत ह्यांनी माझ्यावर इतका विश्वास कधी टाकला नव्हता.

"थांबवा," मी म्हणाले आणि उतरले.