नावेचं दावं

माह्याकडं शिडाची नाव होती. पुसदच्या खाली, धरणाच्या बॅकवाटरले. जुनी, म्हशीवानी जड. हासू नका.

बंजारा तांड्यातला गुलाबसिंग माहा दोस्त. जनम जहाजावर काढला, आन रिटायर झाला त मुंबईहून ही नाव ट्रेलरवर टाकून आनली. म्हने, "वामन्या, आमच्या आज्यानं बैलाच्या पाठीवर मीठ आनलं. म्या समुद्रच आनला बे!"

दोन पावसाळे फिरलो आमी. मंग तो गेला. त्याची बायको धुरपताभाभी म्हने, "भाऊजी, हे धूड तुमीच ठेवा."

एकट्यानं शीड चढत नाही, नाव काठावरच पडून. घरीही मी आन टीव्ही. मंग मी गंमत काढली. मोबाईलवर टाकलं, नाव इकाची हाये.

लोक येऊ लागले! नागपूर, हैदराबाद, एक त थेट गोव्याहून. बुडाखाली लोळत, डोलकाठीले हलवून पाहत, गोष्टी सांगत. मी चहा पाजो, भजे खिलवो. सौदा जमत आला का म्हनो, "बैल इकला तरी दावं देत नाही आमच्याकडं. दाव्यासंगं गोठ्याची लक्ष्मी जाते. नावेचे दोर मीच ठेवीन. सगळे."

शिडाच्या नावेचा अर्धा जीव दोरात. गिऱ्हाईक शिव्या देत पळे. मी पोट धरून हासो. मंग पुढचा फोन येईलोक फोनकडं पाहत बसो.

मांगच्या महिन्यात वैष्णवी नावाची पोरगी आली. हातात लहानशी हातोडी. सकाळपासून नाव ठोकून राह्यली. टण, टण, टण... बद्द.

"काका, इथं आत पाणी मुरलंय."

"मुरू दे. तू भजे खाय."

बुडाखालच्या लोखंडाचे बोल्ट गंजले, इंजिन मेलं, सारं सांगतलं तिनं. मी खुश. दिवस मस्त गेला.

"जड आहे, हळू चालेल," थे म्हने. "पण लाटेत घाबरणार नाही. मी घेते."

मी हुकमाचा पत्ता टाकला. दावं.

पोरगी हासली. "काका, माझे आजोबा राळेगावचे. बैल विकला की दावं घरी आणायचे. ठेवा ना तुम्ही. तुमची अट ऐकूनच आले, नवे दोर आणलेत." गाडीची डिक्की उघडली त आत भेंडोळेच भेंडोळे.

आता कोन्या तोंडानं नाही म्हनू? दावं ठेवून घेतलं, म्हंजे बैल देल्लाच.

काल क्रेन आली. नाव गेली. दोर घरी आनून खाटेवर टाकले. एका दोराले गुलाबसिंगची गाठ हाये. मले थे सुटत नाही. सोडाची बी नाही.

सांजेले फोन वाजला. जाहिरात काढाची राह्यली होती.

"नाव आहे का अजून?"

खाटेवरच्या दोराकडं पाह्यलं.

"हाये ना भाऊ. या पाह्यले. भजे खाता ना तुमी?"