लाळेऱ्यावरचा वाडगा

"नाक दाबलं की तोंड उघडतंच," असं म्हणत पाळणाघरातली पोरं सांभाळणाऱ्या काहन्टबाईंनी अकरा महिन्यांच्या फाल्कचं नाक चिमटीत धरलं आणि रव्याच्या गरम लापशीचा चमचा आत कोंबला. पोराला ठसका लागला, अर्धी लापशी हनुवटीवर आली. बाईंनी तीच चमच्यानं खरवडून पुन्हा तोंडात सारली.

स्वयंपाकघराच्या दारातून बघणाऱ्या गुडरूनला शिसारी आली. जर्मनीतल्या एल्ब नदीकाठच्या कापडगिरणीच्या या पाळणाघरात तिची उमर रांधण्यात गेली होती. दुधाला उकळी आली की एका हातानं रवा वैरायचा, दुसऱ्या हातानं ढवळायचं, शेवटी लोण्याचा खडा. बाळांचं पहिलं अन्न म्हणून ती जीव ओतून करायची. आणि त्याची ही अशी विटंबना! वर बाईंची एक खास रीत होती. पोराच्या गळ्यातल्या लांब लाळेऱ्याचं टोक टेबलावर पसरायचं आणि त्यावर भरला वाडगा ठेवायचा. पोरानं मान मागे घेतली की गरम लापशी अंगावर. शिस्त लागते म्हणे. डोंबलाची शिस्त!

"बाई, निवू तरी द्या. वाफा दिसत नाहीत का?"

"गुडरून, तू आपली पातेली बघ. खोलीभर पोरं भरवायचीत मला. एकेकाच्या मिनत्या करत बसू?"

"मिनत्या नका करू. पण नाताळला भाजायच्या हंसाच्या पोटात सारण भरल्यासारखं काय भरताय!"

"याची आई गिरणीत पाळीवर गेलीय. पोर उपाशी राहिलं तर ती जाब मला विचारेल, तुला नाही."

तेवढ्यात फाल्क भडाभडा ओकला, थेट वाडग्यात. बाईंनी क्षणभर वाडग्याकडे पाहिलं, चमच्यानं ढवळलं आणि चमचा पुन्हा भरला.

"शी! शी! शी!" गुडरून धावलीच. तिनं वाडगा हिसकावला आणि मोरीत पालथा केला. "माणूस आहात की कोण? कुत्र्यापुढेसुद्धा ठेवणार नाही मी असलं. उद्यापासून याला मी भरवणार. नाहीतर तुमची लापशी तुम्हीच शिजवा."

"भरव की," बाई हात पुसत म्हणाल्या. "बघू, किती दिवस टिकतो हा पुळका."

दुसऱ्या दिवशी गुडरूननं लापशी चांगली निववली, ओठाला लावून पाहिली. लाळेरं नुसतं गळ्यात बांधलं, वाडगा स्वतःच्या मांडीवर घेतला. आज हा आपणहून एक तरी घास खाईल, एवढीच तिची आस होती.

"ये रे सोन्या. हवं तर खा, नको तर राहू दे. कोणी रागवणार नाही."

तिनं चमचा उचलला मात्र, फाल्कनं खुर्चीच्या कडा गच्च पकडल्या. रडला नाही. त्यानं डोळे घट्ट मिटले आणि आ वासला.

"बघ," काहन्टबाई पलीकडच्या टेबलावरून म्हणाल्या, "शिकला की नाही?"

गुडरूनचा हात तिथंच थांबला. तिनं चमचा वाडग्यात ठेवला, वाडगा दूर सरकवला.

"मिट, राजा. मिट ना तोंड. नाही कोंबत रे कोणी."

तिनं त्याच्या गालावरून बोट फिरवलं. पोर शहारलं. फाल्क तसाच बसून राहिला, डोळे मिटून, तोंड उघडं ठेवून.