फियाटच्या टाकीतला फ्लोट

मित्रांनो, मी एक जुनी फियाट आहे. बदलापूरला, कुळगावातल्या चिंतामणीकाकांच्या बिल्डिंगखाली मी राहते. काका आनंदनगरच्या कारखान्यात ऑफिसर झाले तेव्हा त्यांनी मला आणलं. शेजारपाजारची किती बाळं दवाखान्यातून माझ्याच मागच्या सीटवर घरी आली! पुढे काकांचे गुडघे दुखू लागले आणि मी आठ वर्षं ताडपत्रीखाली उभी राहिले.

गेल्या वर्षी त्यांच्या मुलीनं, हिमानीनं, ताडपत्री ओढली. थोड्या दुरुस्तीनंतर इंजिन सुरू झालं आणि मी आनंदानं थरथरले. पण माझा पेट्रोलचा काटा टाकी रिकामी असली तरी भरलेलीच दाखवायचा. त्यावर विसंबून हिमानी आईबाबांना घेऊन निघाली आणि अंबरनाथच्या पुलावर मी बंद पडले. भर उन्हात हिमानीची आई, सुनेत्राकाकू, खाली उतरल्या.

"बास झालं आता," त्या म्हणाल्या. "भंगारात देऊन टाका हिला."

"एक महिना दे, आई," हिमानी म्हणाली. काका रुमाल काढून माझं दार पुसत राहिले.

अंबरनाथच्या शंकरराव मिस्त्रींनी माझ्या टाकीतून एक दांडी काढली. तिच्या टोकाला पितळेची पोकळ डबी असते, तिला फ्लोट म्हणतात. तो पेट्रोलवर तरंगतो, म्हणून काट्याला टाकीतलं पेट्रोल कळतं. माझी दांडी गंजून वरच अडकली होती.

"नवीन मिळणार नाही. जुना कुठं मिळतो का बघा," मिस्त्री म्हणाले.

उल्हासनगरला गाड्यांचे जुने भाग विकणाऱ्या लछमनदास शेठनी तसाच दिसणारा एक दिला. मिस्त्रींनी तो बसवला, कॅनमधून पेट्रोल ओतलं, आणि काटा चक्क खाली घसरला! तो दुसऱ्याच गाडीचा, उलटा चालणारा निघाला: टाकी भरली की काटा रिकामी दाखवी, रिकामी झाली की भरलेली! काका हसता हसता खाली बसले. मला मात्र भारी लाज वाटली.

फ्लोट परत करायला हिमानी आणि काका मलाच घेऊन गेले. शेठ डोकं खाजवत म्हणाले, "अरे, इथल्या चार नंबर कॅम्पात सरस्वतीबाई राहते ना, तिच्याकडे सेम गाडी पडली आहे. विचारा तिला."

सरस्वतीबाईंच्या अंगणात माझ्यासारखीच एक फियाट होती. तिचा पत्रा पार कुजला होता, इंजिनही उरलं नव्हतं. मला पाहून बाई धावतच बाहेर आल्या आणि माझ्या बॉनेटवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"आमचे हे गेले आणि गाडी बसली ती बसलीच," त्या म्हणाल्या. "पण टाकी शाबूत आहे. फ्लोट काढून न्या. पैसे नकोत. बसवलात की मला एक फेरी मात्र हवी."

"अहो, बारवी धरणापर्यंत नेतो तुम्हाला!" काका म्हणाले.

"नेता काय? चालवणार मी! आमच्या घरी गाडी मीच चालवायचे. हे बाजूला बसून नुसते ब्रेक ब्रेक ओरडायचे."

रविवारी शंकररावांनी तो फ्लोट बसवला. पंपावर पेट्रोल पडू लागलं आणि माझा काटा हळूहळू वर चढला. अर्ध्या टाकीला बरोबर अर्ध्यावर थांबला. सुनेत्राकाकू बाहेरून माझ्या खिडकीत वाकून काटा पाहत होत्या. "आता ठीक आहे," म्हणत त्या मागे जाऊन बसल्याही.

मित्रांनो, जुनी वस्तू एका लहानशा भागासाठी टाकून देऊ नका. चार ठिकाणी जा, चार माणसांना विचारा. आणि तुमची वस्तू खरोखरच संपली असेल, तर तिच्यातलं जे चांगलं आहे ते दुसऱ्या कुणाला द्या. त्या अंगणातल्या बहिणीमुळेच मी आज रस्त्यावर आहे.

त्याच रविवारी आम्ही सरस्वतीबाईंच्या दारात गेलो आणि त्यांनी साडीचा पदर खोचला. स्टिअरिंगजवळचा गिअर त्यांच्या हाताला न बघता सापडला. बारवीच्या वळणांवर त्यांनी मला अशी काही पळवली की मागून काका ओरडले, "ब्रेक! ब्रेक!"

बाई इतक्या हसल्या की डोळे पुसायला त्यांना गाडी कडेला घ्यावी लागली.