कॉलेज सोडल्याची तारीख

सुधाकररावांनी बोट ओलं केलं, वरचा फॉर्म उचलला आणि खिडकीकडच्या गठ्ठ्यावर टाकला. तो बेज्जूरचा होता. पुढचा निर्मलकडचा निघाला, तो दाराजवळ गेला. दसऱ्याला आदिलाबाद या एका जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, मिठाई वाटली गेली, फटाके फुटले, आणि आता त्या आनंदाचा कचरा कॉलेजच्या ऑफिसात फरशीवर पसरला होता. शिष्यवृत्ती घेणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याचं नाव नव्या जिल्ह्याप्रमाणे सरकारला पुन्हा कळवायचं होतं. दिवाळीच्या आत. त्यातही यंदा एक नवा रकाना आला होता: विद्यार्थी शिकत नसल्यास कॉलेज सोडल्याची तारीख. वरच्यांचं काय जातं, तोडायचं त्यांनी आणि शिवत बसायचं खालच्यांनी, असं पुटपुटत सुधाकरराव पुढचा फॉर्म उचलत होते.

"मामा, येऊ का?"

दारात एक मुलगी उभी होती. हातात प्लास्टिकची फाइल, पायांवर बसस्टँडची धूळ. चष्मा कपाळावर सरकवून सुधाकररावांनी नीट पाहिलं. एकदा पाहिलेली पोर ते विसरत नसत, आणि याचा त्यांना थोडा गर्वही होता.

"रुख्मिणी ना तू? तलमडुगुकडली? कोठी होती वं इतके दिवस?"

"घरीच होती मामा. मांगं कापसाच्या वेचणीले गेली, तवाच आईचं अर्ध अंग गेलं. मंग तिचंच करत राह्यली, तीन वर्षं."

"अन् आता?"

"आता भाऊजाई हाय. ते म्हने, मी पाहून घेतो आईले, तू जा, नाव घाल पयल्यापासून." रुख्मिणीने फाइल पुढे केली. "आजचाच दिवस हाय म्हन्ते. फीज सरकार भरते ना मामा? ते भरन तरच भाऊ पाठवतो म्हन्ला. नाई तर दिवाळीनंतर पाहुने येऊन राह्यले पाह्याले."

"भरते की. सरकार नाई भरन तर कोन भरन? बस तू."

ती बसली नाही. टेबलाची कड धरून उभी राहिली. सुधाकररावांनी कंप्युटर आपल्याकडे वळवला आणि तिच्या आधार कार्डावरचे आकडे एकेक करून दाबू लागले. दाबता दाबता बोलतही होते, कारण हा विषय त्यांच्या आवडीचा होता. दसरा झाला की या कॉलेजचे वर्ग अर्धे होत. कापूस फुटला की पोरं रानात जात, ती संक्रांतीलाच परत येत. सरकारचा नियम मात्र असा की शंभरातले पंचाहत्तर दिवस हजेरी नसेल तर शिष्यवृत्ती बंद. कापसाला हा नियम कोण सांगणार? म्हणून गेली बावीस वर्षं सुधाकरराव वेचणीची हजेरी मांडत आले होते. पोर रानात असली तरी त्यांच्या वहीत ती वर्गात बसलेली असे. गावोगावी त्यांना याच कामामुळे मामा म्हणत. ज्वारीचा हुरडा निघाला की पहिली पिशवी त्यांच्या घरी यायची.

"किती पोरी शिकल्या असतीन या हातानं," ते म्हणाले आणि शेवटचा आकडा दाबला.

पडद्यावर नाव आलं. त्याखाली तीन ओळी आल्या.

सुधाकररावांनी चष्मा पुसला. पुन्हा आकडे घातले, या वेळी कार्डावर बोट ठेवून. पुन्हा तेच नाव, त्याच तीन ओळी. पहिलं वर्ष, मंजूर. दुसरं वर्ष, मंजूर. तिसरं वर्ष, मंजूर. आणि खाली लहान अक्षरात: या अभ्यासक्रमाचा लाभ पूर्ण झाला आहे.

त्यांचे हात कीबोर्डवरून उचलले गेले आणि कुठे ठेवावेत तेच त्यांना कळेना.

"काय झालं मामा?"

"काई नाई. मशीन धिमी चालून राह्यली. तू भाईर बस थोडी."

ती बाहेरच्या बाकावर गेली. सुधाकरराव उठले आणि त्यांनी लोखंडी कपाट उघडलं. तीन वर्षांपूर्वीची हजेरीवही मिळायला वेळ लागला नाही, त्यांचं कपाट त्यांच्या अक्षरासारखंच नीट होतं. दसऱ्यापर्यंत रुख्मिणीची हजेरी खरी होती. दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत ती त्यांनी मांडलेली होती. आणि संक्रांतीनंतरही ती तशीच पुढे चालत गेली होती, महिन्यामागून महिना, कारण ती आज ना उद्या येईल असं त्यांनी धरलं होतं. धरलं होतं आणि मग विसरले होते.

पण पुढच्या दोन वर्षांचं काय? ते तर अर्जाशिवाय मिळत नाही. त्यांनी खालच्या खणातली फाइल काढली. अर्ज होते. दोन्हींवर रुख्मिणीची सही होती, पहिल्या वर्षाच्या पोरीची असते तशी, गोल आणि जपून केलेली.

मग त्यांना आठवलं, आणि ते कपाटाला टेकले. पोरींना दरवर्षी एका सहीसाठी गावाहून बसचं तिकीट काढून यावं लागू नये, म्हणून नाव घालायच्या दिवशीच ते तिन्ही वर्षांच्या कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन ठेवत. पोरी आशीर्वाद देत. दरवर्षी तो गठ्ठा काढायचा, भरायचा, पाठवायचा. गठ्ठ्यातली कोण वर्गात आहे आणि कोण नाही, हे पाहायची वेळच कधी आली नाही. पोर घरी आईचं अंग पुसत होती आणि तिच्या वाटची शिष्यवृत्ती दरवर्षी कॉलेजच्या खात्यात जमा होत होती. चोर बाहेरून आला असता तर सुधाकररावांनी बोंब ठोकली असती. इथे चोर त्यांच्याच खुर्चीत बसला होता.

ते वही घेऊन प्राचार्यांच्या खोलीत गेले. प्राचार्य वारंगळकडचे, बोलायला मऊ माणूस. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, पंखा थोडा कमी केला.

"नये रकाने में आज की तारीख डाल दो," ते म्हणाले. "लडकी इस महीने कॉलेज छोडी. खतम."

"साहेब, लेकिन वो तीन साल पहले गई. फॉर्म के पीछे लिखा है, सोडल्याच्या तारखेनंतरची वर्षं विद्यार्थ्याच्या नावावर धरणार नाहीत, कॉलेजनं ती परत करायची. असली तारीख डाले तो उसके साल वापस मिलते."

"और हमारे पीछे इन्क्वायरी लगती." प्राचार्यांनी सुस्कारा सोडला. "एक नाव खुला तो पूरी यादी खुलती. मैंने कभी नहीं बोला था हाजरी लगाओ. सही किसकी है? तुम्हारी. रिटायर होने को आठ महीने हैं, सुधाकरराव. लडकी को बोलो आधी फीज माफ करते. आज की तारीख डालो और पाँच बजे तक भेज दो."

सुधाकरराव परत आले तेव्हा साडेतीन वाजले होते. बाहेर बाकावर रुख्मिणी कुणाचं तरी जुनं पुस्तक उघडून बसली होती, ओठ हलवत वाचत होती. ते तिच्या शेजारी जाऊन बसले. सांगायला त्यांना फार वेळ लागला नाही. वाईट गोष्ट एवढ्या थोड्या शब्दांत सांगून होते याचं त्यांना नवल वाटलं.

रुख्मिणीने पुस्तक मिटलं. मग तिने विचारलं, "म्हंजे मी कॉलेजात होती?"

"कागदावर."

"तीन वर्षं?"

"हो."

"दाखवा."

ती आत आली. त्यांनी अर्ज पुढे ठेवले. आपल्याच सहीवर तिने बोट ठेवलं आणि ते झटकन मागे घेतलं, चटका बसल्यासारखं.

"माहीच हाय," ती म्हणाली. "तुमीच म्हन्लं होतं, कर बाई, पुढं येनं-जानं वाचन तुहं."

सुधाकररावांनी मान खाली घातली. तिने रडावं, ओरडावं, असं त्यांना फार वाटत होतं. ती वाकून टेबलावरचा कागद वाचत होती. आज पाठवायची यादी होती ती, तिसऱ्या वर्षाची शिष्यवृत्ती मागणाऱ्यांची. वाचता वाचता ती थांबली.

"हे कोन?"

"कोन्ती?"

"मथुरा फकिरा. बाजारहत्नूर."

"आहे एक. थर्ड इयरले हाय."

"नाई मामा." रुख्मिणीचा आवाज एकदम वेगळा झाला. "थर्ड इयरले नाई ते. माह्या घरी हाय. माही भाऊजाई हाय ते."

सुधाकररावांनी यादीवर वाकून नाव पुन्हा वाचलं.

"पयल्या वर्षी वेचणीले गेली अन् संक्रांतीत लगीन झालं तिचं, माह्या भावासंगं. रोज सकाळी माह्या आईले उठून बसवते ते. तुमी तिले पुढचं वर्ष देलं, अन् आता हेबी देऊन राह्यले?"

मथुराच्या नावापुढे सुधाकररावांच्याच हातची बारीक खूण होती, हजेरी पुरी असल्याची. काल रात्री जेवणाआधी केलेली.

"तिले माहीत नाई मामा. ते म्हन्ते, तुह्यं झालं की आई सुधरन, मंग मीबी जाईन, माह्ये दोन वर्षं राह्यले हाय. मोजून ठेवलेत तिनं." रुख्मिणी यादी घट्ट धरून होती. "आज हे गेलं तर किती राह्यते तिचं?"

"काईच नाई."

बाहेर शिपायाने घंटा दिली. वर्ग सुटले, पोरं जिन्यावरून धडधडत खाली आली. रुख्मिणीने यादी पुन्हा टेबलावर ठेवली, हाताने सरळ केली.

"माह्याआधी तिची तारीख लिवा," ती म्हणाली. "खरी."

"खरी लिवली तर सगळं उघडं पडते, पोरी. मी बसतो घरी. पेन्शन बी..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. हे आपण कुणाला सांगतोय याची त्यांना लाज वाटली.

"अशा किती जनी हाय, मामा?"

शिकलेल्या पोरींची नावं सुधाकररावांना तोंडपाठ होती. कोण मास्तरीण झाली, कोण नर्स, कुणाचा फोटो पेपरात आला, ते विचारण्याआधी सांगत. सुटून गेलेल्या पोरी किती, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. यादीवर एकोणचाळीस नावं होती, आणि त्यातल्या कितीजणी आज वर्गातून जिना उतरल्या हे त्यांना सांगता येत नव्हतं.

त्यांनी खुर्ची ओढली. मथुराच्या नावापुढच्या रकान्यात दोन वर्षांपूर्वीचा दसरा लिहिला. मग पडद्यावर रुख्मिणीचं नाव उघडलं आणि तीन वर्षांपूर्वीचा दसरा लिहिला. पुरावा काय, असं मशीनने विचारलं तेव्हा त्यांनी लिहिलं: हजेरी खोटी, मांडणाऱ्याचा जबाब सोबत. बटण दाबून ते यादीतल्या पुढच्या नावाकडे वळले.

"ही गयाबाई, बाजारहत्नूरची. ओळखते?"

"ओळखतो. भाऊजाईच्याच गावची ना. आदिलाबादच्या दवाखान्यात काम करते. झाडू मारते."

"कधीपासून?"

रुख्मिणीने सांगितलं. ते लिहीत गेले. जिची तिला माहिती नव्हती तिच्यापुढे त्यांनी जागा मोकळी सोडली. पाच वाजायला दहा मिनिटं होती तेव्हा त्यांनी यादी पाठवून दिली, आणि प्राचार्यांच्या खोलीतली खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सुधाकररावांनी कपाटातून पुढच्या दोन वर्षांच्या हजेरीवह्याही काढल्या, तिन्ही एकावर एक रचल्या, सुतळीने बांधल्या आणि रुख्मिणीच्या हातात दिल्या.

"सकाळी कलेक्टर कचेरीत शिष्यवृत्तीच्या खिडकीवर दे. आज घरी नेऊन उशाशी ठेव. उद्या या कपाटात राहाच्या नाई."

वह्या जड होत्या. तिने त्या दोन्ही हातांनी छातीशी धरल्या, लेकराला धरतात तशा.

"कोनी देल्या म्हनून इचारलं तर काय सांगू?"

"सांगाचं काम नाई," सुधाकरराव म्हणाले. "पानापानाखाली माहीच सही हाय."