बाहेरच्या बाजूची कडी

माझे सासरे तिसऱ्यांदा घरातून निघून गेले, तेव्हा सापडले ते बुटांच्या दुकानात. त्या दुकानाच्या जागी पूर्वी त्यांचं ऑफिस होतं. एकतीस वर्षं तिथे बसून त्यांनी रस्त्यांचे, गटारांचे, पुलांचे नकाशे काढले होते, आणि त्या दिवशी ते काउंटरवरच्या बाईला आपलं टेबल कुठे हलवलं ते विचारत होते. बाई समजूतदार निघाली. तिने त्यांना स्टुलावर बसवलं आणि त्यांच्या खिशातल्या चिठ्ठीवरच्या नंबरला फोन केला. त्या बुटांच्या दुकानात दोन वेगवेगळ्या चपला घालून पोचलेली मीच एकटी.

संध्याकाळी नणंदेचा फोन आला. तिने एक संस्था बघून ठेवली होती. स्वच्छ, हवेशीर, दाराला कुलूप. "वहिनी, तू तरी किती डोळ्यांत तेल घालून बसणार?" लांब राहणाऱ्या माणसांना काळजी करायला फार वेळ असतो. मी ठाम नाही म्हटलं. आजाराचं नाव डॉक्टरांनी पहिल्यांदा उच्चारलं, त्या दिवशी रिक्षातून येताना बाबा मला म्हणाले होते, "सूनबाई, मला कुठे नेऊन ठेवू नका." पोटच्या पोरांना नाही, मला म्हणाले होते. आणि मी शब्द दिला होता.

म्हणून बाग. ही कल्पना नवऱ्याची. घरामागे आमचा एक ओसाड तुकडा होता, तुटक्या कुंड्यांचं माहेर. अशा माणसांसाठी खास बागा आखून देणारी एक बाई त्याने शोधून काढली. ती टेप घेऊन आली, अर्धा दिवस मोजत बसली. बाबा सकाळी कोणत्या कुशीवर उठतात, चालताना कुठे हात टेकतात, कशाला घाबरतात, सगळं विचारून घेतलं. माझ्या लग्नाच्या वेळी एवढी चौकशी झाली नव्हती. तिची फी फक्त नकाशांची होती. बांधून देणारा वेगळा, त्याचे पैसे वेगळे. नणंद म्हणाली, एवढ्या पैशांत कागदच येणार, तर निदान वाचण्यासारखा तरी घ्यायचा. मी माझ्या बांगड्या मोडल्या आणि तिला सांगितलं नाही.

नकाशा मात्र सुंदर होता. कठडा असलेली एक वाट, कुठेही न अडणारी, वळत वळत पुन्हा आमच्या मागच्या दाराशी येणारी. वाट जिथे संपते तिथे ही माणसं घाबरतात, असं त्या बाईने समजावलं. इथे ती संपणारच नाही. ते चालतील आणि फिरून घरी आलो असं त्यांना वाटेल. मागच्या गल्लीकडे एक फाटक ठेवावंच लागणार होतं, पण ते कुंपणाच्याच फळ्यांचं, त्याच रंगाचं. आतून दिसणारसुद्धा नाही, आणि कडी बाहेरच्या बाजूला.

चूक माझ्या हातून झाली. बांधकाम करणारा आला तेव्हा मी तो मोठा कागद जेवणाच्या टेबलावर पसरला आणि चहा टाकायला गेले. त्या गृहस्थाच्या प्रत्येक वाक्याचा शेवट 'काळजी नको' असा व्हायचा, म्हणून नवऱ्याने त्याचं नाव काळजीनको ठेवलं होतं. चहा घेऊन येते तर बाबा कागदावर वाकलेले. चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवून कागद ताठ केलेला, चष्मा नाकावर. चार महिने माझं नाव न आठवलेला माणूस तो नकाशा वर्तमानपत्रासारखा वाचत होता.

"उतार चुकलाय," ते म्हणाले. "पहिल्याच पावसात पाणी घरात येईल."

काळजीनकोने पाणसळ लावून पाहिलं. खरंच चुकला होता. आखणाऱ्या बाईने माफी मागून नवा कागद पाठवला, आणि बाबांनी त्याच्या कोपऱ्यात पूर्वीसारखी झोकदार सही ठोकली. मी आनंदाने वेडी व्हायची बाकी होते.

पुढचे पाच आठवडे म्हणजे आमच्या घरात कोणीतरी जुने बाबा आणून सोडले होते. सकाळी स्वतःहून दाढी करायचे. इस्त्रीचा शर्ट मागायचे. काळजीनको आणि त्याचे दोन गवंडी त्यांना साहेब म्हणायचे, आणि साहेब खडीचा थर बोटांनी मोजायचे, ओळंबा धरायचे, सिमेंट कमी पडलं की ओरडायचे. मला ते ऑफिसातली शिपाईबाई समजायचे. "बाई, मंडळींना चहा सांगा." मी सांगायचे, म्हणजे करायचे. पाच आठवड्यांत एकदाही ते बाहेर गेले नाहीत. नणंदेला मी रोज फोन करून हे ऐकवलं, जरा जास्तच ऐकवलं. काळजीनकोला तर मी एकदा बाजूला घेऊन काम सावकाश करा अशी विनंती केली. तो माझ्याकडे बघतच राहिला. त्याच्या जन्मात असं गिऱ्हाईक भेटलं नव्हतं. पण पहिल्या तारखेपासून त्याचं दुसरीकडे काम लागत होतं.

कुंपणाच्या फळ्या बसवायच्या दिवशी बाबा नकाशा घेऊन माझ्याकडे आले आणि हे सगळं कोणासाठी चाललंय ते विचारलं. मी एका पेशंटसाठी म्हटलं. काय झालंय त्याला? विसरतो, म्हटलं, घरातून निघून जातो. त्यांनी मान हलवली आणि फाटकावर बोट ठेवलं.

"लपवलंय चांगलं. पण फळ्यांच्या फटी जुळत नाहीत. त्याला कळेल."

मला वाटलं, आता इथेच थांबवावं. नाही थांबवलं. ते इतके खूश होते, की मला हिंमत झाली नाही. त्यांनी काळजीनकोकडून दोन फळ्या काढून घेतल्या, फटी कुंपणाशी तंतोतंत जुळवल्या, बिजागऱ्या आतून दिसू नयेत म्हणून उलट्या बसवायला लावल्या. संध्याकाळी मला हाताला धरून तिथे उभं केलं आणि फाटक कुठे आहे ते ओळखायला सांगितलं. मला ओळखता आलं नाही. ते लहान मुलासारखे हसले.

महिनाअखेरीला काम संपलं. काळजीनको त्यांच्या पाया पडला, हत्यारं गोळा केली आणि गेला. दुसऱ्या दिवशी बाबा दाढी करून मागच्या दाराने बाहेर पडले, आणि वाटेकडे ढुंकूनही न बघता गवतातून सरळ चालत गेले ते फाटकापाशी. जगात दुसऱ्या कोणाला ते सापडलं नसतं. त्यांना ते डोळे मिटून सापडत होतं.

"बाई, उघडायला सांगा. काम झालंय, आता घरी जायचंय."

मी त्यांना वाटेवर नेलं. फुलं दाखवली, कठडा हातात दिला, दोन फेऱ्या घातल्या. सोडलं की पुन्हा फाटक. तिसऱ्या दिवशी ते जेवायलाही आत येईनात. नखांनी फट उचकटायचा प्रयत्न करायचे, पण फट त्यांनीच इतकी बारीक ठेवली होती, की नख शिरत नव्हतं. बोटं सोलवटली. नवऱ्याने तिथे मोठ्या कुंड्या आणून ठेवल्या, तर त्या कुंड्यांवर चढून कुंपण ओलांडायला गेले आणि पडले. मनगट मोडलं. प्लास्टर घालून घरी आणलं. मी आखणाऱ्या बाईला फोन केला. ती म्हणाली, "त्यांना नकाशा दाखवायला नको होता." एवढं मलाही कळत होतं. मला तिचाही राग आला, नवऱ्याचाही आला, आणि सगळ्यात जास्त माझा आला.

सातव्या दिवशी मी त्यांच्यासाठी तिथे खुर्ची नेली. बसले नाहीत. प्लास्टरचा हात गळ्यात, दुसरा फळीवर. बऱ्याच वेळाने त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"हे ज्याच्यासाठी केलं, तो आला का?"

त्यांच्याशी मी आजवर ढीगभर खोटं बोलले होते. त्या क्षणी एकही सुचलं नाही.

"आला," मी म्हटलं.

"मग मला सोडा ना."

आत येऊन मी आधी ओट्याशी उभं राहून रडून घेतलं आणि मग स्वतःच नणंदेला फोन केला. ती एका शब्दाने टोचून बोलली नाही. टोचून बोलली असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. मी दिलेला शब्द मी मोडला. त्याला दुसरं नाव नाही.

संस्थेची गाडी सोमवारी सकाळी यायची होती. ती मागच्या गल्लीत आणा, असं मीच सांगितलं. नवरा त्यांच्या कपड्यांची बॅग घेऊन पुढच्या सीटवर जाऊन बसला. त्याला मागे वळून बघवत नव्हतं. मी गल्लीतून फिरून गेले आणि बाहेरून कडी काढली.

बाबा फाटकाला लागूनच उभे होते. केस नीट विंचरलेले, शर्टाची बटणं वरपर्यंत लावलेली. मला बघून त्यांचा चेहरा असा काही उजळला, की मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. त्यांनी माझे आभार मानले. मी धरायच्या आत स्वतःच जाऊन मागच्या सीटवर बसले, आणि दार लावताना त्यांनी मला थांबवलं.

"पेशंटला सांभाळा, बाई. नवीन जागा आहे. सुरुवातीला घाबरेल."

"हो साहेब," मी म्हटलं, आणि दार लावलं.