सांगायला आणलेला माणूस

लेझरचा ठिपका भिंतीवर कधीच स्थिर राहत नाही. हात कितीही घट्ट धरला, तरी मनगटातला बारीक कंप भिंतीपर्यंत पोचताना बोटभर होतो. सल्लागाराला हे ठाऊक होतं, म्हणून एरवी तो ठिपका आलेखावर क्षणभर टेकवून लगेच विझवायचा. आज विझवायचं राहून गेलं. ‘पितळी कुलपं’ या शब्दांवर लाल ठिपका थरथरत राहिला, आणि कारखान्याचे मालक असलेले दोघे भाऊ त्या ठिपक्याकडे बघत राहिले.

“म्हणजे माझा विभाग बंद,” धाकटा म्हणाला.

“बंद असं नाही. टप्प्याटप्प्यानं त्यातून बाहेर पडावं, असं सुचवण्यात येतंय.”

“कोण सुचवतंय?”

“अभ्यासातून तसं पुढे आलंय.”

“अभ्यास बराच बोलका दिसतोय,” धाकटा हसून म्हणाला. “आमचा दादा तर महिनोन्‌महिने तोंड उघडत नाही.”

थोरला समोरच्या बाटलीचं झाकण उघडत, लावत होता. पहिल्याच भेटीत दार लावून घेऊन त्यानं सल्लागाराला सांगितलं होतं, “पितळेत आता काही राहिलं नाही. पण मी म्हटलं तर त्याला वाटेल, मी त्याला कमी लेखतोय. तुम्ही अभ्यास करा आणि सांगा.” मग सल्लागार सगळा उन्हाळा हॉटेलात राहिला. त्यानं फोरमनला विचारलं, गोदामातल्यांना विचारलं, विक्रीवाल्यांना विचारलं. सगळ्यांना ते माहीत होतं. त्यानं त्यांचीच वाक्यं पुसून, कापून ओळीत लावली. त्याच्या कंपनीच्या हेड ऑफिसातल्या वरिष्ठानं प्रत्येक स्लाइडमधला ‘बंद’ हा शब्द काढायला लावला. काम एवढंच असे. जे सगळ्यांना ठाऊक आहे आणि कोणाला बोलवत नाही, ते बोलायचं आणि निघायचं. सोमवारी दुसरं गाव, तीच पांढरी चादर. अंधारात उठलं की न्हाणीघराचं दार कुठल्या बाजूला, हे भिंत चाचपून शोधायचं.

“दादा, आपली टेबलं चिकटून आहेत,” धाकटा म्हणाला. “मला हे सांगायला बाहेरून माणूस आणलास?”

“तटस्थ मत घ्यावं म्हटलं.”

“अरे, मला कधीचं दिसतंय. नवीन साचे का नाही मागवले मी? वाट बघत होतो तुझी. ‘बाळ्या, पुरे आता’, एवढं म्हणायचं होतंस.”

थोरल्यानं बाटलीचं झाकण घट्ट पिळलं. सल्लागारानं पुढची स्लाइड लावली, कारण अशा वेळी पुढची स्लाइड लावतात.

निघताना धाकटा जिन्यापर्यंत सोबत आला. “साहेब, तुमच्यावर राग नाही हां. पण एक सांगा, घरीसुद्धा असंच स्लाइड लावून बोलता का?”

सल्लागार हसला. अशा प्रश्नांना हसायचं असतं.

संध्याकाळी आपल्या शहरात उतरून तो थेट ताईकडे गेला. बायको वारली तेव्हा मुलगी नुकती चालायला लागली होती. ‘एवढं प्रोजेक्ट संपू दे’ म्हणून त्यानं तिला ताईकडे ठेवलं. ते संपलं तेव्हा दुसरं उभं होतं. आता मुलगी शाळेत जात होती. घरातली माणसं काय करतात, असं बाईंनी विचारल्यावर तिनं सांगितलं होतं : आत्या बँकेत जाते, काका पूल बांधतात, बाबा येतात. हे ताईनंच त्याला फोनवर सांगितलं होतं, हसत हसत.

आता भाऊजींची लांब बदली झाली होती. मुलीनं त्यांच्याबरोबर जायचं, की त्यानं एका जागची नोकरी धरून तिला आपल्याकडे न्यायचं? ताई विचारत होती आणि तो ‘बघतो’ म्हणत होता. एका ठिकाणी मुलाखतीला जाऊनही आला होता. “तुम्ही स्वतः आजवर काय चालवलंय?” असं समोरच्या बाईंनी विचारलं. गाडीसुद्धा नाही, हे उत्तर जिभेवर आलं होतं. ते गिळून तो अहवालांबद्दल बोलत राहिला आणि मुलाखत तिथंच फसली. संध्याकाळी हॉटेलात परतल्यावर त्याला जे वाटलं ती सुटका होती, हे मात्र त्यानं कोणालाच सांगितलं नव्हतं.

“या साहेब,” ताई म्हणाली. “खुर्च्या बांधल्यात, खोक्यावर बसा.”

“भाऊजी कुठायत?”

“खाली टेम्पोवाल्याशी घासाघीस करतायत. तुझं ठरलं का?”

“ताई, दोन पर्याय आहेत. एक म्हणजे, हे वर्ष संपेपर्यंत...”

“माझ्यापुढे पर्याय मांडू नकोस हं. मी तुझा शेंबूड पुसलाय.”

“बरं. तुला काय वाटतं?”

ताईनं चिकटपट्टी दातानं तोडली. “मी नाही सांगायची. ‘नेते’ म्हटलं, तर मोठी झाल्यावर तिला वाटेल, आत्यानं ओढून नेलं. ‘नाही नेत’ म्हटलं, तर आत्याला नकोशी झाले. आणि मला काय हवंय ते तुला ठाऊक आहे, उगाच वदवून घेऊ नकोस. उद्या सकाळी टेम्पो येतोय. तिचा बाप तू आहेस.”

“ती काही म्हणाली?”

“काही म्हणत नाही, हेच तर. दोन दिवस नुसती आवरतेय.”

आतून मुलगी स्वतःच्या कपड्या-पुस्तकांचं खोकं घेऊन आली. खोकं तिच्या हनुवटीपर्यंत होतं. तो उठून हात लावायला गेला, तर ती अंग वळवून म्हणाली, “जड नाहीये.”

खोलीत दोन ढीग होते. दाराजवळचं सामान टेम्पोत जायचं होतं. खिडकीखाली ताईला नको झालेलं, त्याच्या फ्लॅटवर टाकायचं सामान होतं : पंखा, सुटी फळी, घडीची खाट.

“बाबा, हे कुठल्या ढिगात ठेवू?”

ती आत्याकडे बघत नव्हती, त्याच्याचकडे बघत होती. ताईनं चिकटपट्टी खाली ठेवली. मुलीनं एक गुडघा वर घेऊन खोकं त्यावर तोललं आणि तशीच थांबली, बसची वाट बघणारी मोठी माणसं थांबतात तशी.

“दाराजवळ ठेव,” तो म्हणाला. “तू आत्याबरोबर जायचंस. मी नोकरी सोडत नाहीये.”